शेवटच्या पानापासून सुरुवात करा

खानापूर तालुक्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आलाय. आजोबांच्या जुन्या घराचा माळा साफ करताना त्यांना पत्र्याची ट्रंक सापडली. आत साधारण 1940 ते 1975 या काळातली बेळगावची मराठी वर्तमानपत्रं, ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’चे काही अंक, चार-पाच कन्नड अंक आणि कव्हर गेलेली, तारीख नसलेली सुटी पानं. घरचे म्हणतात, रद्दीत घाला. त्या विचारतात, “यात सीमाप्रश्नाशिवाय काही असतं का? जुन्या पेपरांतून त्या वेळचं सार्वजनिक जीवन खरंच कळतं, की नुसती पुढाऱ्यांची भाषणं? आणि वाचायचं कुठून?”

बाई, आधी रद्दीवाल्याला परत पाठवा. बाकीचं मग बोलू.

पस्तीसेक वर्षं मी या भागातले जुने अंक हुडकतोय, लावतोय, बांधतोय आणि वाचतोय. आधी नोकरी होती म्हणून, आता खोड जात नाही म्हणून. तुमच्या प्रश्नांना मी एकच उत्तर देईन: अंक हातात घेतला की शेवटच्या पानापासून वाचा. पहिल्या पानावरचं भाषण दुसरीकडेही मिळतं, चरित्रांत, सरकारी दप्तरात, पुढाऱ्यांच्या लेखसंग्रहांत. शेवटच्या पानावरची जाहीर नोटीस, देणगीदारांची यादी, हरवलेल्या म्हशीचं वर्णन हे जगात दुसऱ्या कुठल्याही कागदावर नसतं. तो अंक गेला की ते गेलंच.

एखादी नगरपालिकेची नोटीस घ्या. आठवडी बाजाराच्या बाजारबसक्याचा, म्हणजे बाजारात बसणाऱ्यांकडून घ्यायच्या पट्टीचा मक्ता, जत्रेतल्या दुकानांच्या जागांचा लिलाव, रस्त्यावरचे दिवे लावण्याचं कंत्राट. वाचायला रुक्ष. पण पाच वर्षांच्या अशा नोटिशी ओळीनं लावल्या की कुठल्या गल्लीत दिवा कधी आला, कुठल्या वर्षी बाजार पडला, मक्ता त्याच त्या घराण्याकडे कसा फिरून जातो, हे सगळं दिसायला लागतं. कोर्टाच्या नोटिशींत वाटण्या, दत्तकविधानं, गहाणवटी. अमुक जमीन मी घेतोय, कुणाचा हक्क असेल तर इतक्या दिवसांत कळवा, ही दोन इंची चौकट वाचून मी एका गावातल्या पन्नास वर्षांच्या भांडणाचं मूळ ओळखलंय. बायको घर सोडून गेली, तिला कुणी उधार देऊ नये, असल्याही नोटिशी असतात. तिथं थांबू नका. पुढच्या दोन-तीन अंकांत बाईच्या माहेरचं उत्तर छापलेलं सापडतं का बघा. सापडलं, तर त्या काळातल्या संसाराबद्दल अग्रलेखांच्या खंडापेक्षा जास्त कळतं.

देणगीच्या याद्या तर माझ्या खास आवडीच्या. शाळेची इमारत, वाचनालय, देवळाचा जीर्णोद्धार, पूरग्रस्त निधी. यादी रकमेच्या क्रमानं आहे की मानाच्या? बायकांची नावं स्वतःच्या नावानं आहेत की ‘अमक्यांच्या मातोश्री’ म्हणून? शेवटी ‘एक हितचिंतक’ किती? एक इशारा मात्र देऊन ठेवतो, कारण बाहेरून येणारे अभ्यासक इथं हमखास फसतात. आपल्या भागात आडनावावरून भाषा ओळखू नका. पाटील, देसाई, कुलकर्णी, देशपांडे ही आडनावं मराठी घरांतही आहेत आणि कन्नड घरांतही. एका पुण्याच्या विद्यार्थ्यानं अशी एक यादी आडनावावरून ‘मराठी देणगीदार’ आणि ‘कन्नड देणगीदार’ अशी फोडून आणली होती. मी त्याला म्हटलं, बाबा, तू ज्यांना मराठी धरलंस त्यांतले निम्मे घरी कन्नड बोलायचे आणि हिशेब मोडीत लिहायचे. त्यांना कुठल्या रकान्यात घालणार?

आता ‘सार्वजनिक जीवन’ या शब्दाबद्दल. त्या काळातल्या पत्रांचा खप ऐकून लोक नाक मुरडतात. बेळगावात 1863 पासून ‘बेळगाव समाचार’ निघायचं, पुढे ‘चिकित्सक’ आलं. सरकारी याद्यांत अशा पत्रांच्या खपाचे आकडे काहीशेच्या घरात दिसतात. इतक्याशा प्रतींनी कसलं लोकमत घडणार? पण प्रत एकाची आणि कान वीस जणांचे, असा तो काळ होता. शहरात 1848 पासून सार्वजनिक वाचनालय होतं. खेड्यात अंक पाटलाच्या नाहीतर मास्तरांच्या घरी यायचा आणि पारावर मोठ्यानं वाचला जायचा. म्हणून तुमच्या आजोबांच्या अंकांवर कुणाचा शिक्का आहे, पत्त्याच्या पट्टीवर कुणाचं नाव आहे, समासात पेन्सिलीनं कुणी काय खरडलंय, हेही वाचा. कधी बातमीसमोर नुसतं ‘खोटे’ एवढंच लिहिलेलं असतं. वाचकाचा तो एक शब्द माझ्या लेखी बातमीच्या तोडीचा.

सरकारलाही हे कान ठाऊक होते. 1868 पासून मुंबई इलाख्यात देशी पत्रांतला निवडक मजकूर दर आठवड्याला इंग्रजीत उतरवून साहेबांच्या टेबलावर ठेवला जायचा. ते अहवाल आज मुंबईच्या पुराभिलेखागारात आहेत आणि मूळ अंक नाहीसे झालेल्या कितीतरी पत्रांचा आपल्याकडे तेवढाच पुरावा उरलाय. पण लक्षात ठेवा, त्या अहवालात सरकारला खुपलेलंच उतरलंय. म्हशीची जाहिरात साहेबाला खुपत नव्हती, त्यामुळे ती त्यात नाही. नुसत्या त्या अहवालांवरून लिहिलेला इतिहास वाचला तर वाटावं की आपले पूर्वज सकाळी उठून राजद्रोह आणि रात्री झोपताना राजद्रोह एवढंच करत होते.

भाषणांकडे अगदीच पाठ फिरवा असं मी म्हणत नाही. फक्त एकाच भाषणाच्या किती आवृत्त्या असतात ते बघा. 1916 च्या एप्रिल-मे महिन्यात बेळगावात प्रांतिक परिषद भरली, टिळकांची होमरूल लीग इथंच स्थापन झाली आणि 1 मे रोजी टिळकांचं होमरूलवर भाषण झालं. या भाषणावरून आणि नगरच्या दोन भाषणांवरून त्यांच्यावर खटला झाला. मॅजिस्ट्रेटनं 20,000 रुपयांचा जातमुचलका आणि वर प्रत्येकी 10,000 चे दोन जामीन मागितले. बॅरिस्टर जिनांनी हायकोर्टात बाजू मांडली आणि 9 नोव्हेंबर 1916 ला तो हुकूम रद्द झाला. म्हणजे बेळगावच्या एका मराठी भाषणाची एक प्रत पोलिसांच्या लघुलिपीतली, एक तिच्या इंग्रजी भाषांतरातली, एक वर्तमानपत्रांतली आणि एक नंतर पुस्तकात आलेली. शब्दाला शब्द कुठंच जुळत नाही. वर्तमानपत्राच्या प्रतीत एक गोष्ट असते जी बाकी तिन्हींत नसते: कंसातलं ‘टाळ्या’ आणि ‘हशा’. लोक कुठल्या वाक्याला हसले हे कोर्टाला नको होतं. मला हवं असतं.

1924 चंही तसंच. 26 आणि 27 डिसेंबरला बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं. गांधीजी काँग्रेसचे अध्यक्ष झाले ते आयुष्यात एकदाच, आणि ते इथं. अधिवेशनाच्या जागेला विजयनगर नाव दिलं होतं. पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत अजून आहे. सगळा डोलारा उभा केला गंगाधरराव देशपांड्यांनी. लोक त्यांना कर्नाटकसिंह म्हणत, ते टिळकांचे पट्टशिष्य होते आणि आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. आजच्या पोराला हे सांगितलं की तो दोनदा विचारतो, “कर्नाटकसिंह? मराठीत?” जुनी पत्रं वाचणाऱ्याला यात नवल वाटत नाही. त्याच 1924 मध्ये बेळगावात सिद्दप्पा कंबळींच्या अध्यक्षतेखाली कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली. मग बावीस वर्षांनी, मे 1946 मध्ये, याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. दोन्हीकडच्या एकीकरणाची हाक एकाच गावातून गेलीय. आज दोन्ही बाजू आपापली हाक तेवढी सांगतात. जुन्या अंकांत मात्र दोन्ही मंडपांची वर्णनं सापडतात, आणि दोन्हीकडे भोजनाच्या व्यवस्थेबद्दल तक्रारीही.

(माडखोलकरांवरून आठवलं. ते नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक. बेळगावचं ‘तरुण भारत’ वेगळं, ते बाबूराव ठाकुरांनी 1919 मध्ये काढलं. कात्रणावर नुसतं ‘तरुण भारत’ लिहून गाव न लिहिणाऱ्यांनी माझी किती वर्षं खाल्लीत, विचारू नका. तुम्ही कात्रण कापाल तेव्हा पत्राचं नाव, गाव, तारीख, पान, हे चारही लिहा. खरं तर कात्रण कापूच नका.)

आता तुमचा मुख्य प्रश्न. सीमाप्रश्नाशिवाय काही असतं का? तुमच्या ट्रंकेतल्या अंकांचा काळ पाहता सीमाप्रश्न भरपूर असणारच. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, चंदगड तालुका तेवढा वगळून तो मुंबई राज्यात राहिला. त्याआधी जानेवारीत गोळीबार झाला, 17 जानेवारीचा हुतात्मा दिन आपण अजून पाळतो. 1966 च्या ऑक्टोबरात महाजन आयोग नेमला गेला, 1967 च्या ऑगस्टमध्ये अहवाल आला. महाराष्ट्रानं मागितलेल्या 814 गावांपैकी 264 महाराष्ट्राला द्या, त्यांत निपाणी, खानापूर, नंदगड, आणि 247 गावं तिकडून कर्नाटकला द्या, बेळगाव शहर मात्र आहे तिथंच, अशी शिफारस. महाराष्ट्रानं ती नाकारली. तुमच्या तालुक्याचं नाव त्या शिफारशीत होतं, म्हणून 1967 चे अंक असतील तर ते वेगळे काढा. गावांच्या याद्या छापून आल्या असतील तर आजोबांनी आपल्या गावाखाली रेघ मारलेली असण्याची शक्यता मी सोडणार नाही.

पण या काळातली पत्रं वाचताना एक गोष्ट पक्की धरा. इथलं पत्र नुसतं साक्षीदार नव्हतं, ते चळवळीतच उभं होतं. ‘तरुण भारत’ची बाजू उघड होती. आज हुबळीचं म्हणून ओळखलं जाणारं ‘संयुक्त कर्नाटक’ सुरुवातीला बेळगावातून निघायचं, त्याची बाजू तर नावातच लिहिलेली होती. यात दोष काढण्यासारखं काही नाही. त्यांनी तटस्थ असल्याचा आव तरी आणला नाही. फक्त तुम्ही 1 नोव्हेंबरची बातमी एका पत्रात वाचून थांबलात तर अर्धाच दिवस वाचलात. एकात तो काळा दिन, दुसऱ्यात राज्योत्सव. एकात कडकडीत बंद, दुसऱ्यात व्यवहार सुरळीत. मोर्चाला माणसं किती, हे तर दोन्हीकडून घेऊ नका. मी काय करतो सांगतो. पुढच्या चार दिवसांच्या अंकांतल्या बारीक ओळी बघतो. परीक्षा पुढे गेली का? सिनेमाचा खेळ रद्द झाला का? बाजारभावाच्या सदरात त्या दिवशी भाव छापलेत की ‘बाजार बंद’? गूळ-मिरचीचा भाव देणारा माणूस कुठल्याही समितीत नव्हता, त्याच्यावर माझा जास्त विश्वास.

तुमच्याकडचे कन्नड अंक यासाठीच सोन्याचे. कन्नड वाचता येत नसेल तर शेजारच्या गल्लीत कुणीतरी वाचणारं असेलच. दोघांनी मिळून एकाच तारखेचे दोन अंक समोरासमोर ठेवून वाचा. मी हा प्रयोग एकदा धारवाडच्या एका निवृत्त मास्तरांबरोबर केला होता. तीन दिवस आम्ही बातम्यांवरून वाद घातला आणि चौथ्या दिवशी जाहिराती वाचताना दोघंही गप्प झालो. तोच कापड दुकानदार, तोच दिवाळीचा सेल, दोन्ही पत्रांत, दोन्ही भाषांत. मास्तर म्हणाले, “नोडरी, यापारी शाणा.” मी म्हटलं, व्यापारी शहाणा, कारण त्याला गिऱ्हाईक दोन्हीकडचं हवं होतं.

आणि सीमा म्हणजे काही एकच सीमा नव्हती. बेळगावला खेटून असलेलं शहापूर 1948 पर्यंत सांगली संस्थानात होतं. रस्ता ओलांडला की कायदा बदलायचा, अंमलदार बदलायचा. चाळीसच्या दशकातल्या अंकांत इंग्रज सरकारची नोटीस आणि शेजारी संस्थानची नोटीस दिसली तर ती चूक नव्हे. विणकर शहापूरचे, साड्यांचं गिऱ्हाईक बेळगावचं, पत्र मात्र एकच. तुमच्या खानापूरला तर 1961 पर्यंत पोर्तुगिजांची हद्द लागून होती. गोव्यातले नातेवाईक, तिकडे अडकलेला पैसा, सत्याग्रहींच्या तुकड्या, चोरटा माल, या सगळ्याच्या बारीक बातम्या 1954-55 च्या अंकांत हुडका. भाषेच्या सीमेनं ही दुसरी सीमा आपल्या आठवणीतून पुसून टाकलीय, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

जे छापलंच नाही तेही वाचता आलं पाहिजे. हे शिकवणं कठीण. एप्रिल 1925 मध्ये निपाणीत बहिष्कृत वर्गाची प्रांतिक परिषद भरली, डॉ. आंबेडकर तिथं होते. इतकी मोठी गोष्ट त्या आठवड्यात कुठल्या पत्रात किती ओळी आली, कुठल्या पानावर आली, की आलीच नाही, हे मोजून बघायचं. त्याच अंकात एखाद्या वकिलाच्या मुलाच्या मुंजीला किती ओळी आहेत तेही मोजायचं. 1920 मध्ये ‘मूकनायक’ निघालं तेव्हा त्याची जाहिरात पैसे मोजूनही ‘केसरी’नं घेतली नाही, असं आंबेडकरांनी स्वतः नोंदवलंय. तेव्हा छापखाना कुणाचा, कागद कुणाचा, हा प्रश्न आधी. बेळगावात शामराव देसाईंनी ‘राष्ट्रवीर’ काढलं ते याच कारणानं: ब्राह्मणेतर समाजाच्या सभा, शिक्षण परिषदा, सत्यशोधकी लग्नं यांना हक्काची जागा हवी होती. ‘राष्ट्रवीर’चा एखादा अंक तुमच्या ट्रंकेत निघाला तर माझ्यासाठी तो बाकी सगळ्या ढिगाच्या आधी.

अशीच एक गोष्ट पुढच्या काळातली. 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी शरद जोशींबरोबर रस्ता धरला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. भाव मागणाऱ्यांत मराठी बोलणारेही होते, कन्नड बोलणारेही. सीमाभागावर लिहिणारे या आंदोलनाला एखाद्या परिच्छेदात उरकतात, कारण ते त्यांच्या चौकटीत बसत नाही. तेव्हाचे अंक काढून बघा, महिनाभर दुसरा विषय नव्हता.

मासिकांकडे वळू. ‘किर्लोस्कर’चं नातं आपल्या मातीशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर गुर्लहोसूरचे, बेळगाव जिल्ह्यातलेच. 1888 मध्ये बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला नांगर पडून राहिले. 1910 मध्ये कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला, ती किर्लोस्करवाडी. तिथून 1920 मध्ये निघालेली ‘किर्लोस्कर खबर’ मुळात कारखान्याची खबर देणारी पत्रिका होती, पुढे तिचंच मासिक झालं. 1930 मध्ये ‘स्त्री’ आलं. नांगर विकणाऱ्या माणसांनी बायकांचं मासिक काढावं, ही मला अजूनही गंमत वाटते.

‘स्त्री’चे अंक वाचताना कथा नंतर वाचा. आधी वाचकांची पत्रं, सल्ल्याची सदरं, शिवणयंत्राच्या आणि टॉनिकच्या जाहिराती वाचा. कुणाच्या नावानं वर्गणी होती ते बघा. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात 1940 किंवा 1950 मध्ये ‘स्त्री’ यायचं म्हणजे घरातल्या कुणा बाईनं हट्ट धरला असणार. ती बाई कोण, ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना आज विचारा, पुढच्या वर्षी विचारू म्हणू नका. मध्ये कापून नेलेली पानं असतील तर तीही वाया गेली असं समजू नका. काय कापलं? विणकामाचा नमुना, पाककृती, की लेख? अंकाच्या सुरुवातीच्या अनुक्रमणिकेशी ताडून बघा, कळतं.

तारीख नसलेल्या पानांना घाबरायचं कारण नाही. किंमत बघा. आण्यांत असेल तर 1 एप्रिल 1957 च्या आधीची किंवा त्याच सुमाराची. ‘नवे पैसे’ असेल तर 1957 ते 1964 च्या मधली, कारण 1964 च्या जूनपासून ‘नवे’ गळालं. जाहिरातीच्या पत्त्यात ‘म्हैसूर राज्य’ असेल तर 1956 नंतरची आणि 1 नोव्हेंबर 1973 च्या आधीची. सहा आकडी पिनकोड असेल, आपल्याकडचा 590 किंवा 591 नं सुरू होणारा, तर 15 ऑगस्ट 1972 नंतरची. शुद्धलेखन तर बोलतंच. ‘तें’, ‘नाहीं’, ‘केलें’, ‘बेळगांव’ अशी अनुस्वारांची पेरणी असेल तर 1962 च्या नव्या नियमांआधीची म्हणावी. पण इथं जरा सैल राहा. आपल्याकडचे खिळे जुळवणारे जुने होते, हाताला लागलेली सवय नियम बदलला म्हणून सुटत नाही. साठीच्या शेवटापर्यंत ते अनुस्वार भेटतात. ‘अि’, ‘अु’ अशी अक्षरं दिसली तर ती छपाईची चूक नव्हे. सावरकरांची ती लिपीसुधारणा किर्लोस्करांच्या मासिकांनी उचलली होती, म्हणजे पान त्यांचं असण्याची शक्यता मोठी. कागदाला हात लावून बघा. दुसऱ्या महायुद्धात कागदावर नियंत्रण आलं, पानं घटली, कागद हलका झाला. म्हणूनच 1943 चा अंक हातात भुगा होतो आणि एकोणिसाव्या शतकातला चिंध्यांच्या लगद्याचा कागद अजून खणखणीत वाजतो.

माझी एक फजिती सांगतो, म्हणजे तुमची टळेल. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मी शहरातल्या नाटकांवर एक लेख लिहिला. एका खंडात प्रयोगाची ठळक जाहिरात होती, तारीख, वेळ, तिकिटाचे दर, नटांची नावं. मी ठोकून दिलं की अमुक रात्री हा प्रयोग झाला, वर ‘रसिकांनी गर्दी केली असणार’ अशी फोडणीही घातली. आठवड्यानं एका आजोबांचं कार्ड आलं. ते त्या रात्री तिकीट काढून गेले होते. प्रयोग झालाच नव्हता, पावसानं मंडळींच्या गाड्या घाटात अडकल्या होत्या. मी तोच खंड पुन्हा उघडला. पुढच्या अंकात दोन ओळी होत्या, प्रयोग रद्द, पैसे परत. मी पान उलटलं नव्हतं. तेव्हापासून जाहिरात वाचली की मी तिला बेत समजतो. घडलं की नाही ते पुढचा अंक सांगेल.

म्हणून सुट्या अंकापेक्षा सलग अंक मोलाचे. तुमच्याकडे एखाद्या वर्षाचे लागोपाठ दहा अंक असतील तर ते वेगवेगळ्या दहा वर्षांच्या दहा अंकांपेक्षा जास्त बोलतील. आणि म्हणूनच मला एक गोष्ट अजून सलते. एका वाचनालयानं, नाव घेत नाही, जागा होत नाही म्हणून चाळीस वर्षांचे बांधीव खंड किलोवर घातले. मला निरोप मिळाला तोवर टेम्पो गेला होता. तीन खंड राहिले होते, त्यांतला एक कपाटाच्या मोडक्या पायाखाली टेकू म्हणून. मी तो काढून घेतला आणि बदल्यात वीट दिली.

जपणुकीचं फार अवघड नाही. सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका, घड्या उलगडताना घाई नको. ट्रंकेला आतून गंज असेल तर अंक पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवे ठेवा, जमिनीपासून उंच, भिंतीपासून लांब. आपल्या तालुक्यातला पाऊस तुम्हाला मी सांगायला नको. मग खिडकीशी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइलनं एकेका पानाचा फोटो घ्या. पूर्ण पान घ्या, चारही कडा दिसू देत. शाळेतली आठवी-नववीची पोरं हे काम आनंदानं करतात. त्यांना सांगा, आपल्या गावाचं नाव पहिल्यांदा ज्याला सापडेल त्याला कुंदा.

आता त्या कन्नड अंकांबद्दल. 1867 च्या कायद्यानं छापणाऱ्याचं नाव आणि छापखान्याचं ठिकाण अंकावर छापणं सक्तीचं होतं. ती ओळ बहुतेक वेळा शेवटच्या पानाच्या अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असते. मराठी अंकांच्या तळाची ती ओळही बघा. कन्नड आणि मराठी, दोन्ही अंक एकाच छापखान्यात छापलेले निघाले तर मला लगेच कळवा, मी पहिल्या एसटीनं येतो.